आकडा आमचा, अभ्यास त्यांचा

मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरची गोष्ट आहे. अंगणवाडीच्या ओट्यावर शहरातून आलेले पाच-सहा विद्यार्थी बसले होते. मुली जास्त, मुलगे दोन. 'सार्वजनिक धोरण' या विषयात एम.ए. करणारी ही मुले आमच्या जिल्ह्यात क्षेत्रभेटीला आली होती. हातात छापील प्रश्नावल्या. प्रश्न इंग्रजीत, उत्तरे गोरमाटीत. मधला पूल म्हणून त्यांनी तांड्यातलीच एक मुलगी रोजाने लावली होती. राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. दिवसभर ती प्रश्न मराठीतून समजून घेत होती, बायकांना गोरमाटीत विचारत होती, आलेले उत्तर पुन्हा मराठीत करून सांगत होती. "वर्षातून किती महिने ऊसतोडीला जाता?" या प्रश्नाला बायका गप्प बसल्या, तेव्हा ती त्या विद्यार्थ्यांना म्हणाली, "असं नका विचारू. उचल किती घेतली ते विचारा. मग महिने आपोआप कळतात." त्यांनी प्रश्न बदलला. बायका बोलू लागल्या.

संध्याकाळी जीप निघून गेली. ती मुलगी माझ्यासोबत एस.टी.च्या थांब्यापर्यंत आली. म्हणाली, "ताई, हे पोरं जे शिकतात, ते मले शिकता येईन का?"

"येईल ना, बघू," असे मी म्हटले. गाडी आली, मी चढले. पण ते उत्तर खोटे होते, आणि ते खोटे आहे हे मला तेव्हाही माहीत होते. हा लेख म्हणजे त्या खोट्या उत्तराची दुरुस्ती आहे. थोडे भांडणही आहे. सरकारशी, विद्यापीठांशी, आणि मैत्रिणींनो, आपल्या स्वतःच्या चळवळीशीही.

दार कुठे आहे?

आधी त्या मुलीसमोर काय आहे ते सरळ पाहू. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. सहा तालुके, २०११ च्या जनगणनेत सुमारे बारा लाख वस्ती. महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी जोडलेली. राज्यशास्त्रात एम.ए. करायचे तर ते मराठीतून करता येते, आणि हे काही थोडके नाही. पण मला भेटणाऱ्या मुली ते कसे करतात? गाइड आणून, अपेक्षित प्रश्न पाठ करून. प्लेटो, ॲरिस्टॉटल, राज्यघटनेची वैशिष्ट्ये, राज्यपालांचे अधिकार. या सगळ्याला माझा विरोध नाही. पण आपल्या जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प हातात घेऊन वाचला आहे, असे सांगणारी एम.ए.ची विद्यार्थिनी मला आजपर्यंत भेटलेली नाही. शासन निर्णय कसा निघतो, त्याला पैसा कोणत्या लेखाशीर्षाखाली येतो, मार्चअखेर तो परत का जातो, हे तिला कोणी शिकवलेले नसते. ज्यांनी शिकवायचे ते प्राध्यापक अनेकदा तासिका तत्त्वावर, दोन महाविद्यालयांच्या मध्ये धावत असतात.

मग 'सार्वजनिक धोरण' शिकायला तिने शहरात जावे. कसे जावे? केंद्रीय विद्यापीठांची पदवी-प्रवेशाची सामायिक परीक्षा तेरा भाषांत होते, त्यात मराठी आहे. तीच मुलगी तीन वर्षांनी पदव्युत्तर प्रवेशाला बसते, तेव्हा अशा विषयांची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. मराठी गळून गेलेली असते. म्हणजे अठराव्या वर्षी जी भाषा चालत होती ती एकविसाव्या वर्षी अपात्र ठरली! मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, जिचा एक परिसर मराठवाड्यात तुळजापूरला आहे, तीही २०२४ पासून पदव्युत्तर प्रवेशासाठी याच परीक्षेकडे गेली. याच संस्थेत फेब्रुवारी २०१८ मध्ये विद्यार्थ्यांना संप करावा लागला होता. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या दलित, आदिवासी, ओबीसी विद्यार्थ्यांची शुल्क-सवलत काढून घेतली गेली म्हणून. समाजातल्या विषमतेचा अभ्यास जिथे होतो, तिथेच ही वेळ यावी!

खाजगी विद्यापीठांचे तर बोलायलाच नको. तिथे या पदवीची फी लाखांच्या घरात जाते. आमच्याकडच्या कोरडवाहू घरात एका सोयाबीनच्या हंगामात खर्च वजा जाता जेवढा पैसा हाताला लागतो, त्याच्याशी ती ताडून पाहा.

"पण आता मुलींना फी माफ आहे ना?" असे लगेच कोणी म्हणेल. जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. चांगले झाले. पण आमच्या मुलीचे अडते कुठे? खोलीच्या भाड्यावर, खाणावळीवर, एस.टी.च्या वेळेवर. "एकटी पोरगी शहरात ठेवायची कशी" या प्रश्नावर. आणि मुळात राज्यशास्त्र हा कोणी व्यवसाय मानतच नाही. यंत्र चालवायला शिकणे हा व्यवसाय, राज्य कसे चालते ते शिकणे हा रिकामटेकडेपणा!

२०१५ साली राज्याने मुख्यमंत्री फेलोशिप सुरू केली. तरुणांनी सरकारी कामकाज जवळून पाहावे, धोरणात हातभार लावावा, हा हेतू. वयाची अट २१ ते २६. पदवीला ६० टक्के गुण. वर्षभराचा कामाचा अनुभव. आता आमच्या भागातली बाई डोळ्यांपुढे आणा. विसाव्या-एकविसाव्या वर्षी लग्न, चोविसाव्या वर्षापर्यंत दोन बाळंतपणे. ती थोडी मोकळी होते, पुन्हा पुस्तक हातात घेण्याचा धीर करते, ते अठ्ठाविसाव्या-तिसाव्या वर्षी. तोवर दार बंद झालेले असते. कोणी तिला "येऊ नकोस" असे म्हटलेले नसते. फक्त अट घालणाऱ्याच्या मनात जो 'तरुण' होता, त्याला बाळंतपण नव्हते.

चौदा जागांचा धडा

"पण हे सगळे शिकून करायचे काय?" हा प्रश्न मला आईबाप विचारतात, कार्यकर्त्याही विचारतात. त्याचे उत्तर दिल्ली-मुंबईत शोधायला नको. वाशिममध्येच आहे.

जानेवारी २०२० मध्ये आमच्या जिल्हा परिषदेची निवडणूक झाली. ५२ जागा. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. वाशिम, अकोला, नागपूर, भंडारा अशा जिल्ह्यांत राखीव जागांची बेरीज ५० टक्क्यांच्या वर गेली, तेवढ्यापुरते ओबीसींचे आरक्षण टिकणार नाही, असा तो निकाल. न्यायालयाने तीन कसोट्या सांगितल्या. एक, मागासलेपणाची सखोल पाहणी करणारा स्वतंत्र आयोग नेमा. दोन, त्या आयोगाच्या शिफारशीनुसार प्रत्येक स्थानिक संस्थेचे प्रमाण वेगळे ठरवा. तीन, सर्व आरक्षण मिळून ५० टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. या कसोट्या नव्या नव्हत्या. २०१० च्या घटनापीठाच्या निकालातच त्या होत्या. दहा वर्षे मंत्रालयात कोणी पाहणीचे कष्ट घेतले नाहीत, आणि त्याचे प्रायश्चित्त आमच्या जिल्हा परिषदेने घेतले. वाशिमच्या १४ जागा रिकाम्या झाल्या. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी पोटनिवडणूक झाली.

आता लक्षात घ्या, २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, आणि ओबीसींच्या राखीव जागांतल्याही निम्म्या कायद्यानेच बायकांच्या. म्हणजे त्या चौदांत बायका होत्याच. वर्ष-सव्वा वर्षापूर्वी उंबरा ओलांडून, घरादाराशी झगडून, किंवा नवऱ्याच्या सांगण्यावरून का होईना, सभागृहात येऊन बसलेल्या बायका. त्या दिवसांत जिल्ह्यातल्या एका सदस्य बाईंना मी विचारले होते, "काय झाले नेमके?" त्या म्हणाल्या, "कोर्टानं काढून टाकलं बाई. कायले काढलं ते काई समजलं नाई. यायले इचारा." 'यायले' म्हणजे नवऱ्याला. नवऱ्यालाही माहीत नव्हते.

मी त्या बाईंना हसत नाही. मलाही तो निकाल समजून घ्यायला तीन आठवडे लागले. माझ्याकडे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आहे, आणि त्या पदवीत 'सामाजिक धोरण' नावाची एक प्रश्नपत्रिकाही होती. ती मी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले होते! आयोग म्हणजे काय, अनुभवाधारित माहिती कशी गोळा करतात, कोणत्या तक्त्याने कोणाची जागा जाते आणि कोणाची राहते, यातले एक अक्षर तिथे शिकवले नव्हते.

पुढे २०२२ साली बांठिया आयोगाचा अहवाल आला, आणि जुलैमध्ये न्यायालयाने त्याआधारे निवडणुकांची वाट मोकळी केली. त्या अहवालातल्या आकड्यांवर राज्यभर वाद झाले. त्या वादात आमच्या जिल्ह्यातून एखाद्या बाईने "आमच्या तालुक्याचे हे चित्र आहे, ही आमची मोजणी" असे म्हणून काही मांडल्याचे मी ऐकले नाही. जागा आमची गेली, मोजणी दुसऱ्यांनी केली, वाद तिसऱ्यांनी घातला.

शिकून काय करायचे, याचे उत्तर हे आहे. आपली जागा कशाने गेली ते कळायला हवे. आणि जायच्या आधी कळायला हवे.

मोजतो कोण?

दुसरे उदाहरण घ्या. जानेवारी २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद (आता धाराशिव) आणि वाशिम. पूर्वी मागास म्हणायचे, आता आकांक्षित म्हणतात. असो. जिल्ह्याची प्रगती ४९ निर्देशकांवर मोजायची आणि क्रमांक लावायचा. आरोग्य-पोषणाला ३० टक्के वजन, शिक्षणाला ३०, शेती आणि पाण्याला २०, बँक-कौशल्ये १०, रस्ते-वीज अशा सोयींना १०.

शिक्षणाचे निर्देशक वाचून पाहा. मुले पुढच्या टप्प्यात जातात का, शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, पाणी आहे का, वीज आहे का, पुस्तके वेळेवर मिळतात का, पंधरा वर्षांवरच्या बायकांना लिहिता-वाचता येते का. सगळे आवश्यकच आहे. पण यादी शाळेच्या फाटकाशी संपते. या जिल्ह्यातली मुलगी पदवीपर्यंत, त्यापुढे गेली का, हा प्रश्नच यादीत नाही. शेतीच्या निर्देशकांत विमा आहे, बियाणे आहे, जनावरांचे लसीकरण आहे. सातबाऱ्यावर बाईचे नाव आहे का, हे नाही. घरातल्या मारहाणीचा आकडा नाही.

कोणते प्रश्न मोजायचे हे ज्यांनी ठरवले, ते आपले वैरी नव्हते. ते शिकलेले लोक होते. पण त्यांच्या खोलीत मानोऱ्याची ती मुलगी नव्हती. असती तर म्हणाली असती, "असं नका विचारू." तिने एका दुपारीत एक प्रश्न सुधारून दिला होता. तिला ४९ प्रश्नांसमोर बसवले असते तर?

हीच गोष्ट रस्त्याची. समृद्धी महामार्ग आमच्या कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव तालुक्यांतून जातो. जून २०२५ पासून तो नागपूरपासून मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण खुला झाला. मंत्रालय आठ तासांवर आले म्हणतात. जमिनी गेल्या तेव्हा मोबदला ज्याच्या नावाने सातबारा त्याला मिळाला, हे तर उघड आहे. ज्या बाईचा जन्म त्या वावरात निंदण-खुरपण करण्यात गेला, तिचे काय, हा धोरणाचा प्रश्न आहे. भूसंपादनाचा शासन निर्णय निघण्याआधी तो विचारायचा असतो. मोबदला वाटून झाल्यावर विचारला तर ती नुसती हळहळ.

"चळवळीला पदवी कशाला?"

आता आपल्या घरातले भांडण. मी हा विषय संघटनेच्या बैठकीत काढला, तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाल्या, "अगं, राजकारण आपण रस्त्यावर शिकलो. पदव्या घेऊन मुली हातच्या जातील. परिषदांना जातील, मोर्चाला येणार नाहीत." त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. अशा मुली आपण पाहिल्या आहेत. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला ज्या बायका लोटल्या, आणि त्यानंतर ज्यांनी गावोगाव ग्रामपंचायतीला बायकांची पॅनेले उभी केली, त्यांच्या हातात कुठली पदवी होती? आरक्षणाची वाट न पाहता त्या उभ्या राहिल्या.

हे मान्य करून मी विचारते, की मग १९७९ साली काय झाले होते? आपल्याच विदर्भातले मथुरा प्रकरण. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना निर्दोष सोडले. देशभर बायका रस्त्यावर आल्या. पण आधी एक पत्र आले होते. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघा कायद्याच्या अध्यापकांचे सरन्यायाधीशांना खुले पत्र. त्यांनी निकालपत्र ओळ न् ओळ वाचले होते. विरोध केला नाही म्हणजे संमती दिली, हा तर्क कुठे चुकतो ते दाखवले होते. मोर्चाला त्या पत्राने मुद्दा दिला, आणि पत्राला मोर्चाने जोर दिला. १९८३ साली कायदा बदलला. यातले एक काढून टाका आणि सांगा, कायदा बदलला असता का?

त्याहून जुने उदाहरण तर आमच्या शेजारचे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला फाशीची शिक्षा झाली, त्यावर वर्तमानपत्रांतून बायकांच्या जातीवर चिखलफेक सुरू झाली. ते सगळे वाचून ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. खटला वाचला, बातम्या वाचल्या, शास्त्र वाचले आणि उत्तर दिले. वऱ्हाडातल्या बाईने राज्यव्यवहाराचा अभ्यास करणे ही शहरातून आलेली नवलाई नाही. आपली ती दीडशे वर्षांची वहिवाट आहे.

आणि आपण आपल्या सरपंच बायकांना काय देतो? तीन दिवसांचे निवासी शिबिर. पहिल्या दिवशी ओळख आणि गाणी. दुसऱ्या दिवशी जाणीवजागृती, गटचर्चा. तिसऱ्या दिवशी जेवणाआधी अर्धा तास 'ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प', तोही पाहुण्यांना उशीर झाला तर रद्द. मी स्वतः अशी शिबिरे घेतली आहेत, म्हणून बोलते. शहरातल्या मुलीला धोरण समजायला दोन वर्षे लागतात, असे विद्यापीठ मानते. रिसोडच्या सरपंच बाईला ते अर्ध्या तासात समजावे, असे आपण मानतो. हा तिचा गौरव आहे की अपमान?

दुसरा आक्षेप आईबापांचा. "एम.ए. करून नोकरी कुठी हाय? त्यापेक्षा नर्सिंग करू द्या." हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पोट प्रत्येकाला आहे. पण ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत, योजनांच्या कार्यालयांपासून संस्थांच्या प्रकल्पांपर्यंत, माहिती गोळा करायला, अहवाल लिहायला माणसे लागतात आणि ती आजही बाहेरून येतात. गावातली मुलगी रोजाने आणि बाहेरचा पगारावर, ही वाटणी बदलायची तर पदवी तिच्या हातात हवी.

तिसरा आक्षेप असा, की बाई निवडून गेली म्हणजे झाले. वाशिमकरांना हे सांगायला नको. १९९९ ते २०२४ या काळात सलग पाच वेळा भावना गवळी आमच्या भागातून लोकसभेवर गेल्या. एवढा काळ एका बाईने प्रतिनिधित्व करणे ही लहान गोष्ट नाही. २०२३ साली संसदेने लोकसभा-विधानसभांतही बायकांना एक तृतीयांश जागांचा कायदा केला आणि त्याची अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी बांधली. उद्या त्या जागा येतीलही. पण एक बाई सभागृहात जाणे आणि हजार बायकांना सभागृहाचा कारभार समजणे, या दोन गोष्टी आहेत. पहिली दुसरीची जागा घेत नाही.

कारभार मराठीत, अभ्यास इंग्रजीत

सगळ्यात मोठा डोंगर भाषेचा. "सार्वजनिक धोरण मराठीत शिकवणार कसे? पुस्तके कुठे आहेत? शब्द कुठे आहेत?" असे विद्वान विचारतात. मला याचे हसू येते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा आहे. या राज्याचा कारभार मराठीत चालतो. शासन निर्णय मराठीत निघतात, ग्रामसभेचे इतिवृत्त मराठीत, तलाठ्याची नोंद मराठीत, लाडकी बहीण योजनेचा अर्ज मराठीत. १९९४ साली देशातले पहिले राज्य महिला धोरण महाराष्ट्राने जाहीर केले आणि २०२४ च्या ८ मार्चला चौथे. म्हणजे धोरण मराठीत लिहिता येते, राबवता येते, आमच्यावर लादताही येते. फक्त त्याचा अभ्यास मराठीत करता येत नाही!

१९१६ साली धोंडो केशव कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा मातृभाषेतून उच्च शिक्षण हे त्याचे सूत्र होते. तेव्हाही लोक पुस्तके कुठे आहेत असेच विचारत होते. आणि १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेल्या, देशाची घटना घडवलेल्या माणसाला आयुष्याच्या अखेरीस वाटले, की राजकारण हे शिकून करायचे काम आहे आणि त्याची शाळा हवी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते गेले. शाळाही फार टिकली नाही. ती पुन्हा उघडायचे काम बाकी आहे.

मागायचे काय?

नुसता संताप करून थांबू नये, म्हणून मागण्या मांडते. चर्चेसाठी आहेत. दुरुस्त करा.

एक. अमरावती विद्यापीठाच्या राज्यशास्त्राच्या एम.ए.मध्ये सार्वजनिक धोरण आणि स्थानिक अर्थसंकल्प यांचा पूर्ण विषय मराठीत असावा. पाठ्यपुस्तक नसेल तर जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प हेच पाठ्यपुस्तक. २०२३-२४ पासून राज्यातले पदव्युत्तर अभ्यासक्रम नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे बदलले, त्यांत कार्यप्रशिक्षण आणि क्षेत्रप्रकल्पाला जागा आहे. ते प्रकल्प पंचायत समितीत, तहसीलमध्ये, रेशनच्या कार्यालयात व्हावेत.

दोन. केंद्रीय पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत समाजशास्त्रांच्या विषयांना मराठी प्रश्नपत्रिका असावी. पदवीला चालते ते पुढे का चालू नये, याचे उत्तर त्यांनी द्यावे.

तीन. फेलोशिप आणि शिष्यवृत्त्यांच्या वयाच्या अटीत बायकांना सवलत असावी. पाच वर्षे सरपंच किंवा सदस्य राहिलेल्या पदवीधर बाईचा कारभार हा अनुभव म्हणून धरावा. गुणांच्या टक्केवारीइतकेच त्याला मोल असावे.

चार. वसतिगृह. जिल्ह्याच्या आणि विद्यापीठाच्या ठिकाणी पदव्युत्तर मुलींसाठी, आणि लेकराला घेऊन शिकणाऱ्या बायकांसाठीही. फीमाफीइतकाच हा शिक्षणाचा खर्च आहे.

पाच. आमच्या जिल्ह्यात येऊन माहिती नेणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपला निष्कर्ष मराठीत लिहून त्या गावच्या महिला सभेत वाचून दाखवावा. ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूद आपल्या राज्याच्या कायद्यात आहेच. आणि ज्या स्थानिक मुलीच्या जोरावर काम झाले, तिचे नाव अहवालावर सहसंशोधक म्हणून असावे. तेवढे मानधनही.

सहा. ही मागणी कोणाकडे करायची नाही, आपली आपण पुरी करायची आहे. प्रत्येक गटाने महिन्याला एक शासन निर्णय आणि वर्षाला एक अर्थसंकल्प एकत्र बसून वाचावा. गाणी राहू द्या, मला ती आवडतात. पण अर्धा तास अर्थसंकल्पाला आणि तीन दिवस बाकीच्याला, हे प्रमाण उलटे करू या.

आम्ही वाशिममध्ये एक सुरुवात केली आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी नऊ-दहा जणी बसतो. मागच्या वेळी एका ग्रामपंचायतीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा हिशोब माहिती अधिकारात मागवून वाचला. चार तासांत चार पाने झाली. डोके दुखले. पण चौथ्या पानावर एक सातवी शिकलेली मावशी म्हणाली, "हे पाय, गटारीचे पैसे दोनदा लावले." आम्ही पुन्हा बेरीज केली. तिचेच बरोबर होते. ग्रामसभेत तो प्रश्न आता ती विचारणार आहे.

तांड्यावरची ती मुलगीही येते. तिला मी खरे उत्तर दिले आहे. आज तुला ते शिकता येणार नाही, असे सांगितले. दार नाही म्हणून. तुझ्यात कमी आहे म्हणून नाही. ती अमरावतीच्या एम.ए.ला बसली आहे. गाइड वापरते, कारण उत्तीर्ण तर व्हायचे आहे. पण दुसऱ्या रविवारी अर्थसंकल्प वाचायला येते. मागच्या आठवड्यात पुन्हा एका संस्थेची जीप येणार असल्याचा तिला फोन आला, रोजाने काम करशील का म्हणून. तिने विचारले, "अहवालावर माझं नाव राहीन का?" पलीकडून, कळवतो, असे सांगितले. अजून कळवलेले नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या जिल्ह्यात अशा जीपा येतात का? त्या काय घेऊन जातात आणि काय ठेवून जातात? तुमच्याकडच्या मुली राज्यशास्त्र कसे शिकतात? या पानावर लिहा. माझ्याशी पटत नसेल तर तेही लिहा. वाद घालू, पण या खेपेला मोजणी आपली असू द्या.